शनिवारी बारानंतर

आमच्या वकिलांच्या शाळेत शनिवारी लायब्ररी बाराला बंद होते. का म्हणून विचारू नका. मी दारावर बसतो, दार का बंद होतं हे दारावर बसणाऱ्याला कोणी सांगत नसतं. पूर्वी कोण्या साहेबाला शनिवारी दुपारी फुटबॉल बघायचा असेल, तेव्हापासून बाराला बंद, एवढंच आपण समजायचं.

मी कापेंब्वा. आधी खाणीत होतो, भट्टीवर. मग छाती गेली, म्हणून लुसाकाला आलो आणि इथं दाराशी बसलो. बसायचं काम आहे, लोकांना वाटतं आरामाचं आहे. ऑक्टोबरात इथं बसून बघा. वारा नाही, झाडं गप्प, डांबर चपलेला चिकटतं, आणि वकील होणारी पोरं काळा कोट घालून समोरून चाललेली, घामानं निथळत. कोट काढला तर आत घ्यायचं नाही, हा नियम. बघूनच माणूस दमतो.

लायब्ररीत जेरेबाई. न्गोनी बाई, पूर्वेकडची. मी बेंबा. म्हणजे आम्ही थट्टेचे सोयरे. आमच्या आजोबा-पणजोबांनी एकमेकांची डोकी फोडली, मग दमले आणि ठरवलं की आता फक्त जिभेनं मारायचं. तेव्हापासून बेंबानं न्गोनीला काहीही बोलावं, न्गोनीनं बेंबाला काहीही बोलावं, आणि ज्याला राग येईल तो गाढव. मयतातसुद्धा. मयतात तर जास्तच. घरचे रडत असतात तेव्हा सोयरेच येऊन चूल पेटवतात, खड्डा खणतात, आणि मेलेल्याच्या खुर्चीत बसून त्याच्याच बायकोकडं बिअर मागतात. कोणी रागावत नाही. सोयऱ्याशिवाय मयत म्हणजे कालवणाशिवाय न्शिमा, नुसता मक्याच्या पिठाचा गोळा.

तर रोज सकाळी बाई यायची, पर्स माझ्या टेबलावर आपटायची.

"कापेंब्वा, आज माकड खाल्लंस का रे? तोंडावर केस दिसतायत."

"तुमच्यासाठी शेपटी ठेवलीय बाई. पण तुम्हाला काय, तुमचं उंदरावर भागतं. काल आतमध्ये एक पळताना दिसला. म्हणलं राहू दे, बाईंचा डबा आहे."

"मेल्या, तुझ्या मयताला मी लाल कपडे घालून येणार आहे."

"या. उंदीर तेवढे घरी ठेवून या."

एवढं झालं की दिवस सुरू. ज्या दिवशी ती रजेवर असायची त्या दिवशी मला जेवण गोड लागायचं नाही, खरं सांगतो.

आता चोल्वे. चोल्वे हामूंगा. टोंगा बाई, माहेर मोंझेकडचं, गुराढोरांच्या मुलखातलं. नोकरी काफुएच्या कोर्टात. दुभाषी. म्हणजे आरोपी बोलणार टोंगात, जज ऐकणार इंग्रजीत, आणि मध्ये ही उभी. अर्धं आयुष्य दुसऱ्याचं बोलणं तोंडातून काढण्यात गेलं. मग एक दिवस मनात आलं, आपण स्वतः का बोलू नये? चार पोरांची आई, नवरा रेल्वेत, चाळिशी उलटलेली, आणि ही डिग्री घेऊन आमच्या शाळेत दाखल.

डिग्री झाली म्हणून कोणी वकील होत नाही आमच्याकडं. आमची परीक्षा पास व्हावी लागते, आणि आमच्या परीक्षेत पास होणं म्हणजे म्हशीनं सुईच्या नेढ्यातून जाणं. दोनदा ती नापास झाली. तिसरी वेळ शेवटची. तिसऱ्यांदा गेली तर पहिल्यापासून सगळं, पुन्हा दाखला, पुन्हा वर्ष. त्या वयात कोण करतं?

सोमवार ते शुक्रवार कोर्ट. राहिला शनिवार. काफुएहून मिनीबस पकडायची, ती भरल्याशिवाय हलत नाही. कंडक्टर दारात लटकून ओरडत बसतो, आणि आत ही मांडीवर पिशवी घेऊन घामाघूम. इथं पोचेपर्यंत अर्धी सकाळ गेलेली. तोवर बाराची घंटा. आणि तिला जे पाहिजे ते जाडजूड निकालांचे खंड, ते लायब्ररीच्या बाहेर न्यायला मनाई.

तेव्हा जेरेबाईनं काय केलं? काही नाही केलं. बारा वाजले की बाकीच्यांना हाकललं, समोरचं दार लावलं, आणि आपली विणकामाची पिशवी उघडून बसली. चोल्वे कोपऱ्यात. मी दाराशी. संध्याकाळपर्यंत. कोणी कोणाला काही विचारलं नाही. बाईचं घर लहान, तिथं सुना भांडतात, तिला इथंच बरं वाटायचं असं ती म्हणायची. मी म्हणायचो, "उंदीर मोजायला थांबतेय." चोल्वे पुस्तकातून डोकं न काढता हसायची. दमलेलं हसू, एका बाजूनंच.

हे दोन वर्षं चाललं. मग नवे संचालक आले.

डॉक्टर चिलेशे. इंग्लंडला शिकलेले, उंच, कोट एकदम इस्त्रीचा, बोलणं मोजकं. चिलेशे म्हणजे आमचं बेंबा नाव. मी खूश झालो, म्हणलं आपला माणूस. जेरेबाई माझ्याहून खूश. तिला वाटलं, आता साहेबच सोयरा! पहिल्याच दिवशी चहाला सगळे जमले, मंडळाचे अध्यक्ष आलेले, दोन जज आलेले. मी दारात उभा होतो, कपबशा वाहायला मलाच बोलावलं होतं. साहेब सगळ्यांशी हात मिळवत मिळवत बाईपर्यंत आले. आणि आमची बाई, सगळ्यांच्या देखत, मोठ्यानं:

"या या! जंगलातली माकडं संपली वाटतं, म्हणून शाळेत आलात?"

आणि टाळी द्यायला हात पुढं.

बेंबा असता तर टाळी घेऊन म्हणाला असता, "संपली, आता न्गोनी उरलेत." सगळे हसले असते, चहा प्याले असते. साहेब हसले नाहीत. तोंड असं झालं की जणू कोणी थोबाडीत मारली. हात तसाच हवेत राहिला बाईचा. अध्यक्षानं चहात बघितलं. साहेब पुढच्या माणसाकडं गेले.

सोमवारी बाईला पत्र. वरिष्ठांचा अपमान, सात दिवसांत खुलासा द्या. पेन्शन तोंडाशी आलेली बाई. खुलासा काय देणार? "सोयरा समजले" असं लिहिलं तिनं. वर लाल शेरा आला, ताकीद दिली आहे, फाइलला लावा.

त्याच आठवड्यात दाराला यंत्र बसलं. कार्ड लावलं की हिरवा दिवा, दार उघडतं. शनिवारी बारा वाजले की सगळ्यांचं कार्ड लाल. आणि भिंतीला कागद: ठरलेल्या वेळेनंतर जबाबदार अधिकारी हजर असल्याखेरीज इमारतीत कोणीही थांबू नये. बाईनं वाचला आणि म्हणाली, "कापेंब्वा, मी अधिकारी नाही. मी कर्मचारी आहे."

बस, एवढंच. माकडाचं नाव नाही. दुसऱ्या दिवशी आली, पर्स हळूच ठेवली, "गुड मॉर्निंग" म्हणून आत गेली. मला म्हणाली! इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मी दिवसभर कसानुसा होऊन बसलो.

शनिवारी चोल्वे आली. बाराला सगळे बाहेर. तिनं कार्ड लावलं, लाल. पुन्हा लावलं, लाल. यंत्र कुई करून ओरडतं, म्हाताऱ्या कुत्र्यासारखं.

"बाबा, हे काय?"

सांगितलं. तिनं कार्ड पिशवीत टाकलं. बाजूला जाऊन पायऱ्यांवर बसली, पिशवी मांडीवर, आणि डोळे मिटून ओठ हलवायला लागली. सकाळी जेवढं वाचलं तेवढं विसरायच्या आत पाठ करत होती. उन्हात. मी माझी छत्री दिली तर म्हणाली, "नको बाबा, छत्री धरायला हात लागतो."

तिथून पुढं असंच. सकाळी मिळेल तेवढ्या वेळात धडाधडा वहीत उतरवायचं, बाराला बाहेर, मग पायऱ्या. परतीची बस मिळेपर्यंत पायऱ्या. घरी पोरं, तिथं वाचणं होत नाही. मी तिला एकदा विचारलं, एवढं कशाला करतेस? म्हणाली, "एकदा एका माणसाला जन्मठेप झाली. ती मी त्याला सांगितली, टोंगात. जजनं इंग्रजीत म्हटलं, पण त्याच्या कानात माझाच आवाज गेला ना. तो माझ्याकडंच बघत होता. तेव्हापासून वाटतं, एकदा तरी दुसऱ्या बाजूनं बोलावं." मग पाणी प्याली. पुन्हा तो विषय नाही.

आता साहेबांचं. एका शुक्रवारी दुपारी एक म्हातारी आली फाटकात, डोक्यावर टोपली, सुक्या माशांचा वास फाटकाच्या पलीकडं जाईल एवढा. "माझा भाचा इथं मोठा आहे," म्हणते. मी म्हणलं इथं सगळेच कोणाचे तरी भाचे आहेत, नाव सांग आजी. तेवढ्यात साहेबांची गाडी बाहेर पडत होती. गाडी थांबली. साहेब उतरले. आणि तो इस्त्रीचा कोट घालून तापलेल्या डांबरावर उकिडवे बसले, मान खाली, आणि दोन्ही हातांनी हळूहळू टाळ्या वाजवायला लागले. म्हातारीनंही तशाच वाजवल्या. किती वेळ! मागं गाड्यांची रांग.

असा रामराम एकच लोक करतात. लोझी. पश्चिमेकडचे, पुराच्या पाण्यातले, राजाचे लोक.

मी तसाच लायब्ररीत गेलो. "बाई, साहेब लोझी आहे!"

जेरेबाईनं सुया खाली ठेवल्या आणि कपाळाला हात लावला. "आई गं. म्हणजे मी परक्या माणसाला माकडखाऊ म्हणाले." मग हळूच: "पण नाव चिलेशे कसं रे?"

मला काय माहीत. पण एक गोष्ट माहीत होती, आणि ती लुसाकातल्या शेंबड्या पोरालाही माहीत असते. बेंबाचे सोयरे न्गोनी. लोझीचे सोयरे टोंगा.

शनिवारी मी चोल्वेच्या शेजारी पायरीवर बसलो. "पोरी, साहेब तुझा सोयरा आहे."

"कोण साहेब?"

सगळं सांगितलं, मासे, टाळ्या, डांबर. "जा की, चार शिव्या हाण त्याला. सोयऱ्याला नाही म्हणता येत नाही."

तिनं माझ्याकडं असं बघितलं की मीच लाजलो. "बाबा, मी चार पोरांची आई. थट्टा करून दार उघडून घेऊ? ती थट्टा झाली का? ती भीक झाली, वर हसू लावलेली."

"अगं पण..."

"मयतात बोलावं, बिअरवर बोलावं. कामासाठी सोयरा काढला तर आजा उठून बसेल माझा." आणि डोळे मिटले, ओठ हलायला लागले.

मी उठलो. बोलणं बरोबर होतं तिचं. बरोबर बोलणाऱ्या माणसांचं नेहमी नुकसान होतं.

पुढच्याच शनिवारी साहेब काही कागद न्यायला आले होते. परत जाताना दारात थांबले. पायऱ्यांवर बाई दिसली, डोळे मिटलेली, पुटपुटणारी. त्यांना वाटलं असेल कोणी प्रार्थना करतंय, नाहीतर डोकं फिरलंय.

"मॅडम, इथं बसता येणार नाही."

चोल्वेनं डोळे उघडले. "सर, मी विद्यार्थी आहे."

"लायब्ररी बंद झालीय."

"मी आत नाहीये, सर."

"पायऱ्याही इमारतीचा भाग आहेत. काही झालं तर जबाबदारी शाळेची येते."

आता मी समोर होतो, मी बघितलं ते सांगतो. ठरवून काही नव्हतं. ती इतकी दमलेली होती की तिच्यात काही ठरवायची ताकदच नव्हती. सकाळची बस रस्त्यात बंद पडलेली, ती अर्धी वाट चालत आलेली, चपलेचा अंगठा तुटलेला. तिनं पिशवी खांद्याला लावली, उठायला लागली, आणि उठता उठता तोंडातून निघालं, सरळ टोंगात, मोठ्यानंही नाही:

"ने बाबा. तुझ्या आज्यानं आमची गुरं नेली, तू पायऱ्या ने. उचल, डोक्यावर घे, तुमच्या मोंगूला घेऊन जा. पुराच्या पाण्यात राहणारी माणसं तुम्ही, कोरडी जागा दिसली की हात घालता."

तू! संचालकाला तू! माझ्या हातातली चावी खाली पडली.

साहेब तिच्याकडं बघत राहिले. मला चहाचा दिवस आठवला, हवेतला हात आठवला. म्हणलं गेली बाई, आता परीक्षेलाही बसू द्यायचे नाहीत.

"माझ्या आज्यानं?" साहेब म्हणाले. टोंगात. मोडक्या, पण टोंगात.

"हो, तुझ्या आज्यानं."

"माझ्या आज्यानं एक गाय नेली नाही. गाईच मागून आल्या. तुमच्याकडं उपाशी होत्या बिचाऱ्या."

चोल्वे थांबली. पिशवी अर्धी खांद्यावर. "उपाशी?"

"हाडं मोजता येत होती. आणि गाईंच्या मागून तुझा आजा आला. गाईशिवाय झोप येईना म्हणाला. आम्ही ठेवून घेतला. शेण काढायला."

"आणि कोणी शिकवलं रे तुम्हाला शेण काढायला? तुमच्याकडं तर मासे! माशाला शेण असतं का?"

साहेब हसले. तोंड उघडून, दात दाखवून. मी त्यांचे दात पहिल्यांदा बघितले. मग खिशातून रुमाल काढून तोंड पुसलं, घाम होता का काय होतं कोण जाणे.

"काय वाचतेस?"

"पुरावा कायदा. निकाल. आतले. बाहेर देत नाहीत."

"शनिवारीच का येतेस?"

तिनं सांगितलं. कोर्ट, बस, तिसरी वेळ. रडगाणं लावलं नाही, जसं कोर्टात दुसऱ्याचं सांगते तसं सांगितलं.

साहेबांनी भिंतीवरच्या कागदाकडं बघितलं. त्यांचाच कागद. मी वाट बघत होतो की फाडतील. फाडला नाही. मला म्हणाले, "म्हाताऱ्या, चावी."

"साहेब, तुमचाच हुकूम आहे..."

"हुकूम काय आहे? जबाबदार अधिकारी नसेल तर कोणी थांबायचं नाही. मी अधिकारी आहे ना?" मग तिच्याकडं बोट दाखवून, "आणि ही टोंगा आहे. हिला पुस्तकांजवळ एकटं सोडायचं म्हणजे? शिंगं नाहीत म्हणून ओळखणार नाही ती पुस्तकाला, पण हळूहळू सवय होईल, मग हाकत नेईल. लक्ष ठेवायला बसलंच पाहिजे कोणीतरी."

"स्वतः बस मग," चोल्वे म्हणाली. "राजाच्या माणसाला बसायला चांगलं येतं."

आणि बसले की.

त्या शनिवारपासून परीक्षेपर्यंत दर शनिवारी साहेब बसले. यंत्र लाल, मी बाजूच्या दारानं चावीनं दोघांना घ्यायचो. ती कोपऱ्यात, ते जेरेबाईच्या खुर्चीत, समोर फाइली. थोडा वेळ वाचायचे, मग मान खाली, मग घोरायचे. असे घोरायचे की मला बाहेर ऐकू यायचं. चोल्वे पुस्तकातून ओरडायची, "ए होडीवाल्या, पूर आला का?" ते दचकून उठायचे. "चोर पकडला, चोर पकडला," म्हणून पुन्हा डोळे मिटायचे.

मदत मात्र काडीची नाही. एकदा ती कुठल्यातरी निकालाला अडली, विचारायला गेली, तर त्यांनी हात वर केला. "निकाल माझ्या सहीनं लागतो. मला विचारू नकोस. शिव्या दे, प्रश्न नको." ती परत गेली जागेवर. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत दोघं एकमेकांशी बोलले नाहीत.

एकदा मी चहा घेऊन गेलो तेव्हा मला म्हणाले, स्वतःहूनच, "त्या बाईंशी मी वाईट वागलो, न्गोनी बाईंशी." मी कप ठेवला. म्हणाले, बाप मोंगूचा, खाणीत आला तेव्हा नोकरी एका बेंबा मित्रानं लावून दिली, चिलेशेनं. तो खाणीत मेला. बापानं त्याचं नाव घेतलं, मुलाच्या जागी उभा राहिला, त्याच्या आईला घास कोण देणार म्हणून. "खाणीच्या वस्तीत मला सगळे बेंबा समजायचे. गावी गेलो की मला कोणी लोझी समजायचे नाहीत. नाव ऐकलं की मासा काटा काढून द्यायचे, पाहुण्याला देतात तसा." चहा प्याले. "तुझ्या बाईला सांग." मी म्हणलं, "साहेब, तुम्हीच सांगा." त्यांनी सांगितलं नाही. फाइलीतली ताकीदही काढली नाही. जेरेबाई आपली सकाळी गुड मॉर्निंगच म्हणत राहिली. मोठ्या माणसांना काही गोष्टी जमतात, काही नाही.

डिसेंबरात परीक्षा झाली. चोल्वे पेपर देऊन बाहेर आली तेव्हा मी बघितलं तिच्याकडं, तिनं हातानंच सांगितलं, माहीत नाही. आणि बसकडं गेली.

निकाल मार्चमध्ये लागला. फाटकाजवळच्या बोर्डावर, काचेच्या आत. रात्रभर पाऊस झालेला, सगळा चिखल, आणि त्या चिखलात काळे कोट. पास झाले ते थोडे. ते गाणी म्हणत होते, फोनवर ओरडत होते. बाकीचे नुसते उभे. दरवर्षी हेच असतं, मी तिकडं बघत नाही. पण त्या दिवशी बघत होतो.

चोल्वे आली. यादी वरून खाली वाचली. मग खालून वर. मग बोटानं, काचेवर बोट टेकून, एकेक नाव. मग बोट काढलं.

फाटकाजवळ बुटका कठडा आहे, तिथं जाऊन बसली. आजूबाजूची पोरं सरकली, जशी प्रेतापासून सरकतात. मी पाणी नेलं, तिनं घेतलं नाही. जेरेबाई आतून आली, नुसती शेजारी उभी राहिली. काय बोलणार? चांगलं बोलावं तर खोटं, खरं बोलावं तर कोणाला पाहिजे.

तेवढ्यात साहेब बाहेर आले. पोरांनी त्यांना बघून आवाज केला, कोणी शिट्टी मारली, कोणी नाव घेऊन शिवी दिली. ते सरळ कठड्याकडं आले. तिच्यासमोर उभे राहिले, बुटाला चिखल.

"कोण मेलं इथं, टोंगा?"

ती मान वर करेना.

"मयत कुठंय? दाखवा मला मयत. मी एवढ्या लांबून पाणी तुडवत आलो, बिअर नाही, न्शिमा नाही, मयतसुद्धा नाही? काय टोंगा लोक आहात तुम्ही!"

मग तो माणूस, इंग्लंडला शिकलेला, त्या ओल्या कठड्यावर तिच्याशेजारी बसला, डोक्यावर दोन्ही हात घेतले आणि सगळ्या शाळेसमोर गळा काढला. "अगं माझी चोरटी गेली! आता शनिवारी मी कोणावर लक्ष ठेवू? माझ्या घोरण्याला शिव्या कोण देईल? घरी बायको देते, पण तिला तुझ्यासारख्या नाही गं येत!"

शिट्ट्या बंद झाल्या. गाणीही थांबली. सगळे बघायला लागले. ज्याला कळलं त्याला कळलं.

चोल्वेच्या खांद्यांना हिसका बसला. मला वाटलं रडतेय. हसत होती. एका बाजूनं, मग दोन्ही बाजूंनी. आणि हसता हसता ते फुटलं, आणि मग जे रडली ती बाई, पोट धरून, मोठ्यानं, आईबाप गेल्यासारखी. जेरेबाईनं तिचं डोकं पोटाशी धरलं. साहेबांनी हात खाली घेतले. त्यांचं काम तेवढंच होतं, झालं होतं.

बऱ्याच वेळानं तिनं कमरेला गुंडाळलेल्या चितेंगेच्या पदराला नाक पुसलं. "पेपर तू तपासलास?"

"नाही. सही माझी आहे."

"एकाच विषयात गेलेय ना? थोडक्यात?"

"थोडक्यात."

"वाढवता आले नसते?"

"नाही."

"माहीत होतं मला. विचारून बघितलं."

"विचारावंच लागतं सोयऱ्याला."

पास झालेल्या पोरांनी पुन्हा गाणं सुरू केलं, जरा लांब जाऊन. ती चिखलाकडं बघत होती. "मी दमले रे," म्हणाली. साधंच, जसं कोणी घरात म्हणतं. "धाकटा विचारतो, आई शनिवारी कशी दिसते."

साहेबांनी यावर थट्टा केली नाही. उगीच बुटाचा चिखल कठड्याला घासत बसले. मग विचारलं, "मग काय करायचं या मयताचं? पुरायचं की ठेवायचं?"

तिनं चपला नीट पायात घातल्या. पिशवी खांद्याला लावली. उभी राहिली, साहेबांच्या खांद्याला हात टेकवून, कारण जमीन निसरडी होती.

"आज नको पुरूस," म्हणाली. "अजून गरम आहे."

आणि बसकडं निघाली. साहेब तिथंच बसून राहिले, कोट मागून ओला. जेरेबाईनं त्यांच्याकडं बघितलं, त्यांनी तिच्याकडं. मी बोर्डाकडं गेलो. मागची पोरं पुढं यायला धडपडत होती, अजून पुष्कळांची नावं बघायची राहिली होती.

"चला," म्हणलं, "ज्यांनी बघितलं त्यांनी सरका. दुसऱ्यांना बघू द्या."